पारपत्र रोखले, कारण गुलदस्त्यात

४ जुलै १९७७ रोजी मेनका गांधी यांच्या हाती दिल्लीच्या प्रादेशिक पारपत्र अधिकाऱ्यांचे पत्र पडले. केंद्र सरकारने 'जनहितार्थ' त्यांचे पारपत्र रोखण्याचे ठरवले असून ते सात दिवसांत जमा करावे, एवढाच त्याचा आशय होता. त्यांनी कारणांची प्रत मागितली, तर ती देणेही जनहिताचे नाही, असे उत्तर आले. आणीबाणीतील गळचेपीला विटून मतदारांनी निवडून दिलेले जनता सरकार हे करत होते आणि परराष्ट्र खाते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे होते, ही विसंगती नजरेत भरण्याजोगी होती.

ज्या पारपत्र कायद्याचा आधार सरकारने घेतला, तो मुळात न्यायालयाच्या दट्ट्यामुळे आला होता. १९६७ पर्यंत पारपत्र ही सरकारची मेहेरबानी होती. सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याला पारपत्रे परत करण्यास सांगण्यात आले, तेव्हा उच्च न्यायालयांत एकवाक्यता नव्हती. मुंबईने परदेशगमनाला व्यक्तिस्वातंत्र्यात स्थान दिले होते, दिल्लीने नाकारले होते. १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा हक्क अनुच्छेद २१ मध्ये बसवला आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही, असे बजावले. सरकारने आधी घाईने वटहुकूम आणि मग जूनमध्ये कायदा केला. कायदा झाला, तरी त्यात 'जनहित' हा ऐसपैस शब्द राहिलाच.

मेनका गांधी खटल्याचा २५ जानेवारी १९७८ चा निकाल विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो. कार्यपद्धती कायद्यात लिहिलेली असणे पुरेसे नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी, बाजू मांडण्याची संधी हवी, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले. न्या. य. वि. चंद्रचूड हे त्या पीठावर होते. मात्र ज्या आदेशाविरुद्ध दाद मागितली, तो न्यायालयाने रद्द केला नाही. म्हणणे ऐकून घेऊ आणि निर्णय कायम राहिला तरी मुदत सहा महिन्यांपुढे नेणार नाही, ही महान्यायवादींची हमी पुरेशी मानली गेली. देशाला नवे न्यायतत्त्व मिळाले, अर्जदाराला फक्त सुनावणी!

या दाव्यांचा साचा अजूनही फारसा बदललेला नाही. मेहबूबा मुफ्ती यांच्या वयोवृद्ध मातोश्रींना पोलिसांच्या प्रतिकूल अहवालावरून पारपत्र नाकारले गेले. पारपत्र अधिकाऱ्याने गुप्तचर शाखेचे मुखपत्र बनू नये, असे जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ अखेरीस सुनावले, पण फाइल पुन्हा त्याच टेबलावर फेरविचारासाठी धाडली. कायद्याप्रमाणे नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात, अपिलाचीही सोय आहे. मात्र आदेश थेट केंद्र सरकारचा असेल, तर अपील नाही. मग उच्च न्यायालयाची पायरी चढणे आलेच आणि ती सर्वांच्या खिशाला परवडणारी नसते.

सामान्य माणसाची गाठ पडते ती कलम ६ मधील प्रलंबित फौजदारी खटल्याच्या अटीशी. भावकीच्या भांडणातील मारामारीचा गुन्हा आणि वर्षानुवर्षे पडणाऱ्या तारखा एवढ्यावरही नकार येऊ शकतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने यातून वाट काढून दिली. जिथे खटला चालू आहे, त्या न्यायालयाने परदेशप्रवासाला परवानगी दिली, तर पारपत्र मिळते. म्हणजे दिल्लीत नोकरी करणाऱ्याला परवानगीसाठी गावाकडच्या तालुका न्यायालयात खेटे घालणे भाग. त्या आदेशात मुदत लिहून घ्यायची राहिली, तर पारपत्र मिळते केवळ एका वर्षाचे. आखाती देशांच्या व्हिसासाठी साधारणपणे सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. हाती उरतात ते सहाच महिने.