‘विषय हार्ड’ कोशात कधी?

कोल्हापूर जिल्ह्यातला गगनबावडा मराठी वाचकाला ठाऊक असतो तो पावसामुळे आणि ‘आज्ञापत्र’कर्त्या रामचंद्रपंत अमात्यांमुळे. इथली जहागीर त्यांच्या घराण्याची, म्हणून ते बावडेकर. त्यांच्या पदाच्या नावातच शब्दांची एक झुंज दडली आहे. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, ‘मुजुमदार’ हे फारसी पदनाम जाऊन संस्कृत ‘अमात्य’ आलं. पाठोपाठ ‘राज्यव्यवहारकोश’ आला आणि त्याने दहा वर्गांत फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. तरीही राजाराम महाराजांनी याच अमात्यांना किताब दिला तो फारसी : हुकूमतपनाह! खर्च, कागद, किल्ला तर आजही आपल्या तोंडी आहेत. दरबार शब्द सुचवू शकतो. तो टिकवायचा की नाही, हे बोलणारे ठरवतात.

नंतरच्या मोठ्या कोशकारांनी हे ओळखलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत आणि कोकणातल्या शब्दांना वेगळी खूण आहे. दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले. त्यांनी वऱ्हाडी, नागपुरी, राजापुरी प्रयोगही प्रदेशाच्या खुणेसह नोंदवले.

मग कोल्हापुरी बोलीतल्या ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’, ‘जाळ अन् धूर संगटच’चं काय? जगभरचे कोशकार साधारण एकच कसोटी लावतात : निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या ठिकाणी, बराच काळ तो शब्द एकाच अर्थाने वापरल्याचे दाखले हवेत. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाने २०२० मध्ये ‘चाळ’ आणि ‘डब्बा’ घेतले, ते असेच रुळलेले म्हणून. कोशात जाणं म्हणजे शब्दाला सभ्यतेचा दाखला मिळणं नव्हे; शिवीसुद्धा कोशात असते, फक्त तिच्यापुढे ‘अशिष्ट’ असं लिहिलेलं असतं. मराठीची अडचण वेगळी आहे. दरवर्षी नवे शब्द तपासून भर घालणारा, सर्वमान्य असा कोश आपल्याकडे नाही.

तसा कोश होईपर्यंत दाखले जमवण्याचं काम घरातही सुरू करता येईल. भेंड्या आणि ‘नाव-गाव-फळ-फूल’ आपण सगळेच खेळलो. त्यात हमखास भांडण होतं ते ‘असा शब्दच नाही’ यावरून. पंच म्हणून मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोघेही हजर आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येतात. कोशात शब्द सापडला, तर पूर्ण गुण. नाही सापडला, तर दोन वेगळ्या गावच्या माणसांनी तो वाक्यात वापरून दाखवावा. अर्थ जुळला तर अर्धे गुण.

गगनबावड्यात या खेळाला विशेष रंग चढेल. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरला की वैभववाडी, म्हणजे कोकण. वर ‘पोरगा’, खाली ‘झील’. वर ‘पोरगी’, खाली ‘चेडू’. घाटाखालची सून किंवा जावई घरात असेल, तर दोन्ही बाजूंचे साक्षीदार एकाच चटईवर बसलेले असतात.

या दिवाळीत फराळाला माणसं जमतील तेव्हा एक वही जवळ ठेवा. कोशात न सापडलेला प्रत्येक शब्द लिहा. सोबत तो कोणत्या गावचा, कोणत्या वयाच्या माणसाने वापरला, पूर्ण वाक्य काय होतं आणि तारीख, एवढं नोंदवा. उद्याच्या कोशकाराला नेमके हेच दाखले लागणार आहेत.