लिनक्स आणि पेढीची राखण

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तेव्हापासून, जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स बसवावी काय, असा प्रश्न अनेक व्यापारी बांधवांपुढे उभा आहे. बसवावी, असेच आमचे मत आहे. मात्र 'लिनक्सला विषाणू लागत नाहीत, मग काळजी कसली?' हा समज घातक होय.

हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी १९९१ साली जिचा पाया घातला, त्या ह्या प्रणालीची घडण मुळातच सावध आहे. रोजचे काम करणारा वापरकर्ता आणि सर्वाधिकारी 'रूट' ह्यांत ती भेद करते. पेढीवर व्यवहार गुमास्ता पाहतो, तिजोरीची किल्ली मात्र मालकापाशी असते, तसाच हा प्रकार. 'सुडो' आज्ञेने परवलीचा शब्द मागितला, की ती किल्लीच मागितली असे समजावे. तथापि जमाखर्चाच्या वह्या गुमास्त्याच्याच हाती असतात, हे विसरून चालणार नाही. एखादा लबाड प्रोग्राम आपण स्वतः चालविला, तर किल्लीवाचूनही तो आपल्या फाइली वाचू शकतो, चोरू शकतो. म्हणून प्रोग्राम कोठून आला, हाच सुरक्षिततेचा खरा प्रश्न आहे.

ह्याचे उदाहरण बोलके आहे. दि. २० फेब्रुवारी २०१६ रोजी चोरट्यांनी लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळात शिरून तेथील दुवा बदलला. त्यामुळे १७.३ सिनॅमन ही आवृत्ती त्या दिवशी तेथून उतरवून घेणाऱ्यांच्या हाती चोरवाट ठेवलेली प्रत पडली. दुकान खरे, माल खोटा! यास्तव उतरविलेल्या प्रतीचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे ६४ चिन्हांची खूण, प्रसिद्ध झालेल्या खुणेशी ताडून पाहावा. संकेतस्थळात शिरलेला चोर ती खूणही बदलू शकतो. म्हणून तिच्यावरील जीपीजी सहीही तपासावी. सही पाहिल्यावाचून आपण हुंडी सकारीत नाही, तोच हा नियम.

प्रणाली बसल्यावर प्रोग्राम तिच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावेत. तेथील मालाची सही प्रणाली आपण होऊन तपासते. सर्वच भांडारे मात्र सारखी नसतात. आर्च लिनक्सच्या 'एयूआर' ह्या भांडारात कोणीही वापरकर्ता भर घालू शकतो. जुलै २०२५ मध्ये तेथे ब्राउझरच्या नावाने दुरून ताबा घेणारे प्रोग्राम ठेवलेले आढळले व ते काढून टाकावे लागले. तसेच कोठेतरी वाचलेली आज्ञा अर्थ न समजता टर्मिनलमध्ये उतरवू नये. कोऱ्या कागदावर सही करण्यासारखेच ते आहे.

आता नित्याच्या चार गोष्टी. सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या की त्या लगेच घ्याव्यात. मिंटमध्ये फायरवॉल असते, पण आरंभी ती बंद असते; ती चालू करावी. प्रणाली बसवितानाच संपूर्ण डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे बंद असलेला संगणक चोरीस गेला तरी वह्या वाचता येत नाहीत. मात्र तो परवलीचा शब्द विसरल्यास आपल्यालाही त्या उघडता येणार नाहीत. चौथी गोष्ट नक्कल ठेवण्याची. मिंटमधील 'टाइमशिफ्ट' मुख्यतः प्रणालीची नक्कल ठेवते. आपल्या खासगी फाइली ती आपण होऊन घेत नाही. तेव्हा हिशेबांची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी.

ह्यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. माल पारखून घेणे, किल्ली जपणे आणि वहीची दुसरी प्रत ठेवणे हे व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही. तीच दक्षता संगणकापुढे बसतानाही राखावी, एवढेच आमचे सांगणे आहे.