अनाथ म्हटलेली मुलं : महामारीतल्या बालकांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२१ च्या मे महिन्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर एक संदेश येऊन गेला असेल. आई-वडील दोघंही कोरोनाने गेले, मागे एवढंसं बाळ राहिलंय, कुणाला दत्तक घ्यायचं असेल तर या नंबरवर फोन करा आणि संदेश पुढे पाठवा. बाळाचं वय कधी तीन दिवस असायचं, कधी सहा महिने. गाव बदलायचं, नंबर बदलायचा, मजकूर तोच. पुढे पाठवणारी माणसं मनाने चांगलीच होती. पण महामारीत मुलांची जी परवड झाली, तिच्यातला बराचसा भाग चांगल्या मनाने आणि अपुऱ्या माहितीने झाला, असं मला या विषयात फिरताना सतत जाणवत आलं आहे. साथी पुन्हा येतील आणि त्यांच्याबरोबर हे समजही येतील, म्हणून ते आत्ताच तपासलेले बरे.

गैरसमज : आई-वडील नसलेलं मूल ज्याला सांभाळायची इच्छा आहे त्याने घरी न्यावं

अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल ठरलेली पद्धत डावलून दत्तक देणं आणि घेणं हा बालन्याय अधिनियम २०१५ नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलाची विक्री झाली असेल तर कैद पाच वर्षांपर्यंत जाते. त्या काळात असे संदेश इतके फिरले की २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा दत्तकविधानं करणाऱ्या संस्था आणि व्यक्तींवर कारवाई करा, असं राज्यांना बजावलं.

योग्य वाट अशी आहे. एकटं पडलेलं मूल दिसलं की १०९८ वर फोन करायचा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. पोलीस ठाणं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही कळवता येतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मूल बालकल्याण समितीपुढे गेलं पाहिजे. समिती आधी रक्ताची नाती शोधते. कुणीच मिळालं नाही, तरच मूल दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मोकळं ठरतं. सोडून दिलेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर या चौकशीला दोन महिने असतात, मोठ्याला चार. त्यानंतर दत्तक ज्याचं त्याने परस्पर ठरवायचं नसतं. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, नोंदणीतून आणि क्रमाने ते होतं.

हे महिने लोकांना निर्दय वाटतात. घर तयार आहे, पाळणा तयार आहे, मग थांबायचं कशाला? थांबायचं ते ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या आजीसाठी, सुरतेत कामाला असलेल्या मामासाठी, बातमीच न पोचलेल्या मावशीसाठी. त्यांचा पत्ता लागण्याआधी मूल परक्या घरी गेलं की त्या मुलाने आई-वडिलांपाठोपाठ आपलं सगळं गणगोतच गमावलेलं असतं. आणि संदेशातला तो नंबर कुणाचा, हे फोन करेपर्यंत कुणालाच माहीत नसतं. मुलांचा व्यापार करणाऱ्यांना याहून सोपा काळ मिळत नाही.

जाता जाता एक. अशा मुलाचा फोटो, नाव, शाळा, पत्ता जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. शिधावाटपाच्या फोटोत आणि मदतीच्या आवाहनात ती सर्रास मोडली गेली. बाप गेल्याच्या आठव्या दिवशी वह्यांचा गठ्ठा हातात धरून उभं केलेलं मूल दहा वर्षांनी तो फोटो पाहणार आहे, हे देणाऱ्याने लक्षात घ्यायला हवं होतं.

गैरसमज : कोरोनाने मागे ठेवली ती बहुतेक अनाथ मुलं

या सगळ्यात सर्वाधिक नुकसान करणारा समज हाच, असं माझं मत आहे.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आकडे दिले. एप्रिल २०२० पासून, मृत्यूचं कारण कोणतंही असो, पालक गमावलेली किंवा सोडून दिलेली मुलं देशभरात १,४७,४९२ होती. त्यांत आई-वडील दोघंही गेलेली १०,०९४. एक पालक गेलेली १,३६,९१०. सोडून दिलेली ४८८. महाराष्ट्राच्या वाट्याला १९,६२३ मुलं आली. ही फक्त नोंद झालेली मुलं. पण त्यांतलं प्रमाण बोलकं आहे. शंभरातल्या जवळजवळ त्र्याण्णव मुलांचा एक पालक हयात होता, आणि कोरोनाने पुरुष अधिक नेल्यामुळे तो पालक बहुतेक घरांत आई होती.

म्हणजे आपण ज्यांना अनाथ म्हणत होतो, त्यांना आई होती. तिशी-पस्तिशीची, अनेकदा कधी स्वतःच्या नावाने बँकेत न गेलेली. पण मोठी मदत आखली गेली ती दोन्ही पालक गेलेल्यांसाठी. पंतप्रधानांची योजना २९ मे २०२१ ला जाहीर झाली. आई-वडील दोघंही, किंवा हयात असलेला एकमेव पालक गेलेल्या मुलांसाठी ती होती. तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये, पाच लाखांचा आरोग्य विमा. तिच्यात साडेचार हजारांच्या आसपास मुलं बसली. महाराष्ट्र सरकारने दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर पाच लाखांची ठेव ठेवली. दोन्ही निर्णय चांगलेच होते. पण वर्तमानपत्रांतले मथळे तिथेच संपले, आणि आई असलेली मुलं नजरेआड झाली.

अशाच एका आईच्या हातातली प्लास्टिकची पिशवी मी उघडून पाहिली आहे. वर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, त्यावर कारण लिहिलेलं नाही. खाली खासगी रुग्णालयाची बिलं, सोन्याच्या गहाणाची पावती, बचतगटाच्या हप्त्याचं कार्ड, मुलांचे बोनाफाईड, रेशनकार्डाची झेरॉक्स. कोरोनाचा रिपोर्ट नव्हता. तो नवऱ्याच्या मोबाइलवर आला होता आणि मोबाइलचा पासवर्ड नवऱ्याबरोबर गेला होता. एवढ्या एका कागदावाचून ती तहसीलच्या चार टेबलांवरून परत फिरली होती.

वास्तविक तिला परत पाठवायचं कारण नव्हतं. सप्टेंबर २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणीत कोरोना निघाल्यापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला तरी, कोरोनाचा धरायचा होता. दाखल्यावर कारण नसेल तर जिल्हा पातळीवरच्या समितीकडे दाद मागता येत होती. पन्नास हजारांचं सानुग्रह सहाय्य त्यावरच अवलंबून होतं. हे तिला कुणी सांगितलं नाही. गावोगावी हे सांगायचं काम सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने अंगावर घेतलं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने ‘मिशन वात्सल्य’ सुरू करून तालुका पातळीवर समित्या नेमल्या. जिथे तहसीलदाराने मनावर घेतलं तिथे एकाच दिवशी दाखले, रेशन, निराधार योजना असं सगळं मार्गी लागलं. जिथे घेतलं नाही तिथे पिशवी जाड होत गेली.

महामारीत मुलाला वाचवायचं म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या आईला उभं करायचं असतं, एवढं जरी आपल्या सर्वांच्या लक्षात आलं असतं तरी कितीतरी मुलं शाळेत राहिली असती.

गैरसमज : नातेवाईक गरीब असतील तर मूल बालगृहात असलेलं बरं

बालन्याय कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नव्हे. आजी पत्र्याच्या खोलीत राहते म्हणून नातू तिच्यापासून तोडायचा नसतो. नातू तिच्याकडेच राहील एवढा आधार आजीला द्यायचा असतो. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. कोरोनाच्या आधीपासून आहे, आणि एक किंवा दोन्ही पालक नसलेल्या, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेल्या, घरी सांभाळ होणं अवघड झालेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत लागू आहे. पूर्वी महिना ११०० रुपये मिळत, २०२३ पासून ते २,२५० झाले. ही योजना फक्त कोरोनाग्रस्त कुटुंबांची, असा समज आजही मला गावागावांत भेटतो. तो चुकीचा आहे. वडील विजेच्या धक्क्याने गेले असोत की कर्करोगाने, अर्ज करता येतो.

योजनेला आता सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात पोचल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. साथीतल्या मुलांसाठीच्या मदतीला याहून योग्य नाव सापडलं नसतं. म्हणूनच ती रक्कम सहा-सहा महिने थकते तेव्हा जास्त लागतं.

गैरसमज : विषाणूचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांनाच

दुसरी लाट ओसरली तेव्हा तिसरी लाट मुलांवर येणार, असं घरोघरी बोललं जात होतं. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरने केलेल्या रक्ततपासणीच्या पाहणीत सहा ते नऊ वयाच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं आढळली. म्हणजे मुलांना संसर्ग मोठ्यांच्या खालोखाल होऊनही गेला होता आणि बहुतेकांना तो सौम्यच गेला होता. काही थोड्या मुलांना दोन ते सहा आठवड्यांनी शरीरभर दाह होण्याचा गंभीर त्रास झाला, तो लवकर ओळखणं गरजेचं होतं. पण मुलांवर चालून येणारी अशी वेगळी लाट आली नाही.

भीतीने मात्र काम केलं. कोरोना झालेल्या बाळंतिणीपासून बाळ काढून घेऊन वरचं दूध सुरू करण्यात आलं. जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीपासून सांगत होती की मास्क लावून, हात धुऊन आईने अंगावर पाजावं, बाळ जवळच ठेवावं. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना उराशी धरून ठेवण्याच्या कांगारू पद्धतीने जगभरात सव्वा लाख बाळं वाचू शकतात, आणि त्यापुढे कोरोनाने जाणाऱ्या नवजातांचा अंदाज दोन हजारांच्या आत आहे, असा अभ्यास २०२१ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

लसीचंही तसंच. दवाखान्यात गेलं तर कोरोना होईल म्हणून बाळांच्या नेहमीच्या लसी राहिल्या. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर फुटला, मुलं दगावली. नवव्या महिन्यानंतरचा पहिला आणि दीड वर्षाच्या सुमाराचा दुसरा डोस ज्यांचा चुकला होता, त्यांना त्याने सहज गाठलं. साथ चालू असताना अंगणवाडीचा लसीकरणाचा दिवस बंद पडू न देणं, हे मुलांसाठी खाटा वाढवण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

गैरसमज : मूल घरात आहे म्हणजे सुरक्षित आहे

मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दरवर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. शाळा बंद झाली तेव्हा वर्गातली ती बाई गेली, जिच्या नजरेला पोरीचा उतरलेला चेहरा पडायचा. खिचडी गेली, तिच्या जागी कधीतरी मिळणारा कोरडा शिधा आला. आणि ऑनलाइन शाळेने हे भरून काढलं असंही नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांच्या ऑगस्ट २०२१ मधल्या पाहणीत वंचित वस्त्यांतली ग्रामीण मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती फक्त ८ टक्के. अजिबात न शिकणारी होती ३७ टक्के.

मुलींची लग्नं याच काळात उरकली गेली. पंचवीस माणसांत, मांडवाशिवाय, कुणाला पत्ता न लागता. बाप गेल्यावर ‘जबाबदारीतून मोकळं करा’ असा सल्ला आईला पहिले देतात ते जवळचेच. गावात बालविवाह रोखण्याचा अधिकार ग्रामसेवकाला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १०९८ वर नाव न सांगताही कळवता येतं.

गैरसमज : लहान मुलांना मरणाचं काय कळतं

कळतं. ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलेलं पाच वर्षांचं मूल दर संध्याकाळी दाराशी बसतं, आणि नंतर मोठ्यांचं कोणतंच बोलणं खरं मानत नाही. कोरोनात तर शेवटचं दर्शनही मिळालं नव्हतं, ॲम्ब्युलन्सचं दार बंद झालं ते झालंच. मुलाला सोप्या शब्दांत खरं सांगावं : बाबांना खूप मोठा आजार झाला, डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, ते वारले, आता परत येणार नाहीत. त्यात तुझी काही चूक नाही. शेवटचं वाक्य आवर्जून सांगायचं, कारण मीच बाहेर खेळून घरात आजार आणला, असं मनात धरून बसलेली मुलं होती.

गैरसमज : कोरोना संपला, आता हा प्रश्नही संपला

२०२१ मध्ये जे मूल दहा वर्षांचं होतं ते २०२९ मध्ये अठराचं होईल. तोवर बालसंगोपनाची रक्कम, शाळेची फी, आईचं कर्ज हे चालूच राहणार. त्यात एका गोष्टीकडे गावकऱ्यांनी आजही लक्ष द्यावं, ती म्हणजे सातबारा. मुलाचे वडील गेल्यावर वारसनोंद झाली का, मुलांची नावं लागली का, त्यांच्यापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं नाव आलं का, हे तलाठ्याकडे जाऊन पाहावं लागतं. अनेक ठिकाणी दीर-भाऊबंदांनी ही नोंद लांबवली आहे. फेरफाराची नोटीस आली की वारस म्हणून ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. हिंदू कायद्यानुसार अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावावर आलेली जमीन किंवा घर न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता येत नाही. खटल्याचा खर्च पेलत नसेल, तर महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्यासाठी न्यायालयाच्या आवारातल्या त्यांच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो.