बिअर, बायको आणि स्टीलचा डबा

‘‘स्टीलचं भांडं आण, नाहीतर हा उद्योग बंद कर.’’

बायकोनं हा निर्वाणीचा इशारा दिला तेव्हा माझ्या उजव्या तळहातात सात ताजे टाके होते. त्यामुळे वाद घालायला तोंड होतं, पण हात नव्हता! आदल्या रात्री साडेअकराला मी बिअरची रिकामी काचेची बरणी सिंकमध्ये घासत होतो. साबणाचा हात, ओली काच... सटकली. शेजाऱ्यानं गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. परत आलो तर बायको गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं फरशी टिपत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजखाली आणखी एक तुकडा सापडला. लेक तेव्हा आठ महिन्यांची. नुकतीच रांगायला लागलेली, आणि दिसेल ते तोंडात घालणारी.

तर मंडळी, ही गोष्ट बीव्हरटनची. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पोर्टलंडला चिकटून असलेलं हे गाव. इथे ऑनसाइट आलेल्या मराठी पोरांना दोनच छंद लागतात, एक ट्रेकिंग आणि दुसरा बिअर. त्यात माझी चूक नाही. ज्या कॅस्केड हॉप्सच्या वासावर अमेरिकेतली अख्खी क्राफ्ट बिअर उभी राहिली, ते वाण इथून दोनेक तासांवरच्या कॉर्व्हॅलिसमध्ये तयार झालं आणि १९७२ मध्ये बाजारात आलं. गावोगावी मायक्रोब्रुअऱ्या आहेत आणि ऑफिसात निदान तिघे-चौघे घरी बिअर करणारे भेटतातच.

पण थांबा, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी लगेच पातेलं चढवू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. अमेरिकेतही पूर्वी परवानगी नव्हती. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी जिमी कार्टर यांनी सही केली आणि मगच हा छंद उजळ माथ्यानं करता आला. एकट्या प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली! म्हणजे तुमचं पोस्टिंग इकडे लागणार असेल तर हा लेख कापून ठेवा. नसेल, तर पुढच्या वेळी मायक्रोब्रुअरीत गेल्यावर काचेपलीकडचे ते चकचकीत पिंप नीट बघा. माझं सगळं दुखणं त्या पिंपाच्या धाकट्या भावंडाबद्दल आहे.

बादली, मग काच

बिअरचा फंडा सोपा आहे. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा, त्यात हॉप्स घालून तासभर उकळायचा, थंड करायचा, यीस्ट टाकायचं आणि झाकून ठेवायचं. दोनेक आठवड्यांत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस करतं. मेख अशी की काढा थंड झाल्यावर त्याला पुन्हा कधीच आच लागत नाही. त्यानंतर ज्या ज्या वस्तूचा त्याला स्पर्श होईल ती जंतूविरहित हवी. दोन आठवडे तो ज्या भांड्यात बसतो त्या भांड्याला म्हणतात फर्मेंटर.

सगळे सुरुवात करतात तशी मीही प्लॅस्टिकच्या बादलीनं केली. वीस-पंचवीस डॉलरची, खाली तोटीवाली. पहिल्या चार खेपा मस्त झाल्या. पाचवी खेप होती टीममधल्या एका मित्राच्या निरोपाच्या पार्टीसाठी. अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या, स्वतः डिझाइन केलेली लेबलं चिकटवली, पार्टीत ऐटीत पहिली बाटली उघडली... आणि आंबट ताक! लोक सभ्य होते. ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले आणि ग्लास कुंड्यांच्या आडोशाला ठेवून मोकळे झाले.

घरी येऊन ती तोटी पहिल्यांदा पूर्ण खोलली. आत बोटभर चिकट राड. बादलीच्या आतही घासणीचे बारीक ओरखडे होते. प्लॅस्टिकच्या ओरखड्यात जंतू दडून बसतात आणि कितीही धुतलं तरी निघत नाहीत. शिवाय प्लॅस्टिकमधून हळूहळू प्राणवायू आत झिरपतो, म्हणजे बिअर जास्त दिवस ठेवायची सोय नाही.

म्हणून काचेवर गेलो. काच स्वच्छ राहते, हवा जाऊ देत नाही, आतला फेस चढताना दिसतो तो निव्वळ टाइमपास. पण निमुळत्या गळ्याची, भरल्यावर पंचवीस किलोंच्या वर जाणारी आणि ओली झाली की माशासारखी निसटणारी! पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

हात आत जातो का?

बजेट ठरलं अडीचशे डॉलर. (हॉस्पिटलचं बिल आल्यावर ते दोनशेवर येणार होतं, थोडक्यात वाचलो.) आणि मग तीन रात्री लॅपटॉपवर फक्त स्टीलचे फर्मेंटर. ऑफिसच्या कामात मी एवढा अभ्यास केला असता तर आज मॅनेजर असतो.

स्टीलच का, हे आपल्या लोकांना फार समजवावं लागत नाही. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की त्यात आमटी कळकते, हे आजीच्या काळापासून माहीत आहे. बिअर तर चांगलीच आम्लधर्मी. स्टेनलेस स्टीलला मात्र स्वतःची कल्हई असते. त्यातलं क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतं. ओरखडा आला तर तो थर पुन्हा आपोआप धरतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये बंदुकीच्या नळीसाठी खटपट करताना असं स्टील बनवलं, आणि पुढे त्यातून आपले डबे-पातेली आली. फर्मेंटर घेताना ‘३०४’ असं लिहिलंय ना बघायचं. आपल्याकडे भांड्यांवर १८/८ असतं, साधारण तेच हे. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल.

आता मोह. मला हवा होता शंकूच्या तळाचा, खऱ्या ब्रुअरीत असतो तसा. साठ अंशांचा उतार, त्यावरून मेलेलं यीस्ट आणि गाळ घसरत खाली येतो. खालचा व्हॉल्व्ह उघडला की गाळ बाहेर, वरची बिअर जागच्या जागी नितळ. चार उंच पाय, घड्याळासारखा थर्मामीटर. दिसायला सॉलिड! किंमत तेव्हा चारशेच्या आसपास सुरू होत होती आणि जरा मन मोकळं सोडलं की हजारापार जात होती. मी मनातल्या मनात अडीचशेचे साडेचारशे करून टाकले होते. आई नातीसाठी सहा महिने आली होती, तिला कौतुकानं फोटो दाखवला.

आईला बिअरचं नाव काढलेलं आवडत नाही. सांगलीत असती तर तिनं मला दारातच उभं केलं असतं. पण भांडं म्हटल्यावर तिनं चष्मा लावला.

‘‘हात तळापर्यंत जातो का रे आत?’’

‘‘अगं आई, ते धुवायला वेगळं लिक्विड असतं, फिरवायचं नुसतं.’’

‘‘म्हणजे जात नाही. आणि ह्या एवढ्या तोट्या कोण धुणार? ती?’’

‘ती’ लेकीला भरवत होती. तिनं मान वर केली नाही. गरज नव्हती.

मी मुकाट्यानं टेप घेऊन गॅरेजमध्ये गेलो. तिथे माझा चाळीस डॉलरचा जुना फ्रिज आहे, फर्मेंटर त्यातच बसायला हवा. कारण यीस्ट काम करताना स्वतः गरम होतं. आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज वर जातं, आणि एल जातीची बिअर साधारण अठरा ते वीस अंशांत ठेवली नाही तर तिला नेलपॉलिशसारखा वास मारायला लागतो. मोजलं. फ्रिजच्या आत मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, तो मी कधी हिशेबातच धरला नव्हता. शंकूचे चार पाय त्यावर बसत नव्हते. शिवाय वर एअरलॉक, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची छोटी नळी. ती लावली की दार लागेना. साडेचारशे डॉलर खर्चून मी फ्रिजबाहेर ठेवायचा शोपीस घेणार होतो!

शिवाय एक गोष्ट शांतपणे विचार केल्यावर पटली. हजारो लिटरच्या टाकीत शंकूचा खरा उपयोग, कारण तिथे गाळ काढायला तो सोयीचा. एकोणीस लिटरला गाळ म्हणजे तळाशी दोन बोटं. नळीचं तोंड त्याच्या वर ठेवलं की काम झालं.

आमच्या ऑफिसातल्या एकाचा तिसराच मार्ग. तो कोल्ड्रिंकच्या जुन्या स्टीलच्या पिंपात बिअर करतो. उंच, सडपातळ, १८.९ लिटरचं. स्वस्त पडतं, दाबाला पक्कं, आणि बिअर हवा न लागता गॅसच्या जोरावर एका पिंपातून दुसऱ्यात जाते. खरं सांगायचं तर चवीच्या हिशेबानं त्याचं गणित माझ्यापेक्षा बरं आहे. पण फेसाला जागा सोडायची म्हणून त्यात सोळा-सतरा लिटरच करता येते. आणि झाकणाचं तोंड एवढं लहान की माझा हात मनगटापुढे जात नाही. आईची परीक्षा नापास.

शेवटी घेतली ती स्टीलची बादली. सात गॅलनची, म्हणजे सव्वीसेक लिटर. पाच गॅलन बिअर आणि वर फेसाला मोकळी जागा. तळ किंचित शंकूसारखा, आतली नळी बाहेरून फिरवता येते. झाकणाला कुकरच्या रिंगेसारखी सिलिकॉनची रिंग आणि चार चिमटे. तोंड अख्खं उघडं, कोपरापर्यंत हात आत. घासाघीस न करता दोनशे तीस डॉलर. दुकानात जाऊन घेतली ते बरं केलं, कारण आत बोट फिरवून बघता आलं. वेल्डिंगचा सांधा बोटाला लागता कामा नये. जिथे खडबडीत लागतं तिथे राड साठते. तोटीचे आटे आतल्या बाजूला उघडे नाहीत ना, तेही बघायचं. आणि तोटी हातानं पूर्ण खोलता येते का, हे दुकानदारालाच करून दाखवायला सांगा. पान्याशिवाय जी खुलत नाही ती तुम्ही धुणार नाही. मी ओळखतो तुम्हाला, कारण मी मला ओळखतो.

पहिल्या आंघोळीला धक्काच बसला. चकचकीत भांडं आतून पांढऱ्या नॅपकिननं पुसलं तर नॅपकिन काळा! कारखान्यातल्या पॉलिशचं ते तेल असतं. गरम पाणी, डिटर्जंट, पुन्हा पुसणं, असं चार वेळा केल्यावर नॅपकिन पांढरा राहिला. आई सवयीनं तारेची घासणी घेऊन पुढे आली, तिला दारातच अडवलं. तारेनं ओरखडे पडतात आणि लोखंडाचे कण अडकून गंजाचे ठिपके येतात. ब्लीचही नाही. त्यातलं क्लोरीन त्या कल्हईला बारीक भोकं पाडतं. ऑक्सिजनवाली क्लीनर पावडर, मऊ स्पंज आणि शेवटी फॉस्फरिक आम्लाचं सॅनिटायझर, बास.

‘‘नाव घालून घेतलंस का?’’ आईनं विचारलं. आमच्याकडे लग्नात आलेल्या वाटीवरसुद्धा देणाऱ्याचं नाव आणि तारीख असते.

‘‘इथे घालून देत नाहीत गं.’’

‘‘मग हरवलं की कळेल.’’

तोटे नाहीत असं नाही. स्टीलच्या आत दिसत नाही. काचेपुढे खुर्ची टाकून फेस बघत बसायचं सुख गेलं. आता उघडून बघायचा मोह होतो, आणि उघडलं की हवा आत. शेवटी दोन दिवस फ्रिज एकदम थंड केला की आतला गॅस आकसून एअरलॉकमधलं पाणी आत ओढतो. पहिल्यांदा तसंच झालं, तेव्हापासून थंड करण्याआधी एअरलॉक काढून तिथे बूच लावतो. ह्या बादलीत दाब देता येत नाही हेही लक्षात ठेवा. शेजारच्याच्या पिंपाचं बघून गॅसचा सिलिंडर जोडायला जाल तर झाकण उडेल.

पहिली खेप अर्थातच कॅस्केडची पेल एल. आई परत जायच्या आदल्या आठवड्यात तयार झाली. तिनं ग्लासाचा नुसता वास घेतला, ‘‘संत्र्याच्या सालीसारखा येतोय,’’ म्हणाली आणि ग्लास लांब सरकवला.

तोटीचा नियम मात्र बायकोनं स्वतःच्या हातात ठेवलाय. प्रत्येक खेपेनंतर मी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरतो आणि तोटी खोलून एकेक भाग मांडतो. दांडा, चेंडू, दोन रिंगा, नट. लेक आता चार वर्षांची आहे, ती बोट ठेवून मोजते. पाच भरले नाहीत तर रात्री बारा वाजले तरी सिंकची जाळी काढून शोधावं लागतं. गेल्या रविवारी चारच भरले. पाचवी रिंग लेकीनं बाहुलीच्या हातात बांगडी म्हणून घातली होती.