साचा आणि आखणी

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आषाढाच्या अखेरीस जो पाऊल टाकतो, त्याच्या दृष्टीस प्रथम पडते ती फळ्यांवर ओळीने मांडलेल्या, रंग चढलेल्या परंतु डोळे न उमटलेल्या मूर्तींची निःशब्द सभा. सोंड, मुकुट, पीतांबर, हातातला मोदक, सारे यथास्थित असूनही त्या मूर्ती अद्याप कोणाकडेच पाहत नसतात. मग आखणीचा कारागीर येतो, बारीक कुंचला हाती घेतो, श्वास रोखून दोन रेषा ओढतो, आणि क्षणापूर्वी केवळ माती असलेले ते मुख आपल्याकडे पाहू लागते. माझे घर रोह्याचे आणि आजोळ पेणचे, त्यामुळे नागोठण्यावरून जाणाऱ्या एस.टी.ने सुट्टीत पेणला यावे आणि दिवसचे दिवस कारखान्याच्या उंबऱ्यावर बसून हा चमत्कार पाहावा, हा माझ्या बालपणाचा नित्यक्रम होता. सगळे गणपती सारखे असताना एकच इतका जिवंत का दिसतो, असे मी एकदा एका वृद्ध कारागिराला विचारले, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला, ‘‘साचा काय रे बाळा, दहा कारखान्यांत एकच असतो. डोळे ज्याचे त्याचे.’’

मराठीतील अद्भुतरम्य आणि विज्ञानकल्पित ग्रंथमाला जेव्हा जेव्हा पडद्यावर आल्या, आणि त्याहून अधिक वेळा जेव्हा त्या आल्याच नाहीत, तेव्हा तेव्हा मला त्या कारागिराचे शब्द आठवले आहेत. ग्रंथातील कथानक हा साचा. तो कोणालाही उचलता येतो. ज्या दृष्टीने लेखकाने त्या जगाकडे पाहिले, ती दृष्टी पडद्यावर पुन्हा उघडणे ही आखणी होय, आणि आमच्या वाट्याला आजवर साचेच अधिक आले.

रोह्याचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ठाऊक आहे की कुंडलिका दुथडी भरून वाहू लागली, अवचितगडाचे शिखर ढगांत बुडाले आणि संध्याकाळी वीज गेली, म्हणजे पुस्तकावाचून दुसरा सोबती उरत नाही. अशाच एका पावसाळ्यात, गावच्या वाचनालयातून आणलेल्या आणि दुर्दैवाने शेवटची चार पाने नाहीशी झालेल्या एका पुस्तकातून, नारायण धारपांच्या समर्थांची आणि माझी ओळख झाली. कथेचा शेवट मला पुढे कित्येक वर्षे कळला नाही. कंदिलाच्या उजेडात तो मी मनाशी अनेक परींनी रचला, आणि आज मागे वळून पाहताना वाटते की माझे पहिले रूपांतर मी तेव्हाच केले होते.

नारायण धारप (१९२५–२००८) हे नाव उच्चारताच पुष्कळांना केवळ भुताखेतांच्या गोष्टी आठवतात, हा त्या लेखकावर होणारा अन्याय आहे. भयकथेइकतीच विज्ञानकथाही त्यांनी निष्ठेने लिहिली; ‘नेनचिम’सारखी कादंबरी त्याची साक्ष देते. परंतु त्यांची खरी मिरास आहे ती समर्थांच्या कथांची. ‘समर्थांचिया सेवका’सारख्या पुस्तकांतून भेटणारे हे समर्थ अमानुष शक्तींशी झुंजतात; पण ती झुंज आरडाओरड्याची नसते, तर ज्ञान, संयम आणि अधिकार यांची असते, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचते अप्पा जोशी या साध्या, घाबरणाऱ्या, तरीही पाय मागे न घेणाऱ्या सेवकाच्या मुखाने. धारपांची हातोटी अशी की प्रारंभी ते आपल्याला एका मध्यमवर्गीय घरात नेतात, तिथला चहा, तिथली भांडीकुंडी, तिथला बोलण्यातला संकोच अगदी सावकाश दाखवतात, आणि त्या परिचित वस्तूंपैकी एखादीच वस्तू आपल्या जागेवरून तसूभर सरकली आहे असे सुचवून थांबतात. भय पुढे वाचकाच्या मनात आपोआप वाढत जाते. या लेखनाचे चित्रीकरण करू पाहणाऱ्याला रंगीत धूर आणि किंकाळ्या यांचा काडीमात्र उपयोग नाही. त्याला लागते ती सबुरी.

सबुरीच नेमकी दुर्लभ. २०१८ साली झी मराठी वाहिनीवर धारपांच्या ‘ग्रहण’वर आधारलेली मालिका आली, पल्लवी जोशींसारखी समर्थ अभिनेत्री तिच्यात होती, हेतूही प्रामाणिक होता. तथापि रोज रात्री एक भाग पुरवण्याची जी सक्ती दैनंदिन मालिकेवर असते, ती धारपांच्या रचनेच्या मुळावरच येते. ज्या कथेचे सारे सामर्थ्य मोजक्या सूचकतेत आहे, तिला प्रत्येक भागाच्या अखेरीस एक दचका द्यावा लागला की दचके उरतात आणि कथा हरवते. दहा-बारा भागांत आटोपणारी, एका ग्रंथाला एक पर्व देणारी, शेवट आधीच ठरलेली मालिका हेच समर्थकथांचे स्वाभाविक रूप आहे, असे माझे ठाम मत आहे.

‘तुंबाड’चे उदाहरण याहून निराळे आणि अधिक बोधप्रद आहे. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाचे बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले, आणि हस्तर नावाच्या लोभी देवपुत्राचे पुराण स्वतः दिग्दर्शकाने रचलेले. २०१२ साली चित्रीकरण सुरू झाले. खऱ्या पावसाची छाया हवी म्हणून मंडळी एकामागून एक पावसाळ्यांची वाट पाहत राहिली, मोठा भाग पुन्हा चित्रित झाला, आणि २०१८ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रगृहांत आला, तेव्हा पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न त्याने मिळवले. मूळ कथेशी तो अक्षरशः एकनिष्ठ नाही. साचा त्याने मोडला. पण अंधाऱ्या माजघरात झोपलेल्या म्हातारीचे भय, वाड्याच्या भिंतींतून झिरपणारी ओल, सोन्याच्या हव्यासाने पिढ्यान्‌पिढ्या वाकलेली माणसे, ही दृष्टी धारपांच्या कुळातली आहे आणि ती पडद्यावर डोळे उघडून पाहते. एकच खंत मनात राहते: मराठी लेखकाच्या कथेवरून, मराठी दिग्दर्शकाने, कोकणातल्या गावाच्या नावाने केलेले हे चित्र हिंदीत आले.

मराठी चित्रसृष्टीला अद्भुताचे वावडे आहे असे म्हणणाऱ्यांनी तिची जन्मकथा वाचावी. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवल्यानंतर १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ काढला, आणि त्या शेवटच्या चित्रपटात त्यांची स्वतःची कन्या मंदाकिनी बालकृष्ण होऊन नागाच्या फण्यावर नाचली. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) वैकुंठाला जाणारे विमान आहे, ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) चालणारी भिंत आहे. यांतले काहीही गणकयंत्राच्या साहाय्याने झालेले नाही. लाकूड, कापड, काच, दोन वेळा वापरलेली फीत आणि अचाट चिकाटी एवढ्या भांडवलावर आमच्या पूर्वजांनी प्रेक्षकांना आकाशात उडताना दाखवले. हे कसब पुढे का मागे पडले, याचे उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे असे की कौटुंबिक आणि तमाशाप्रधान चित्रपटांना जो हमखास आश्रय मिळाला, त्यापुढे अद्भुताचा जमाखर्च कोणालाच परवडेना.

जगात इतरत्र हीच ओढाताण झालेली आहे. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ १९८४ साली एका चित्रपटात कोंबण्यात आली आणि गुदमरली. २०२१ आणि २०२४ मध्ये तोच पहिला ग्रंथ दोन चित्रपटांत सावकाश उलगडला, तेव्हा त्याला आपला श्वास मिळाला. फिलिप पुलमन यांच्या ग्रंथत्रयीतील पहिला भाग २००७ साली चित्रपट होऊन आला, पण त्याचा मूळचा शेवटच त्यातून गाळलेला होता. पुढे २०१९ ते २०२२ या काळात तीन ग्रंथांना तीन पर्वे देणारी मालिका निघाली. उर्सुला ल ग्विन यांच्या अर्थसी ग्रंथमालेतील नायक सावळ्या वर्णाचा. २००४ च्या दूरचित्रवाणी रूपांतरात तो गोरा करण्यात आला, आणि लेखिकेने त्याचा जाहीर निषेध केला. मला त्यांचा संताप अगदी आपला वाटतो. धारपांचे अप्पा जोशी उद्या कोणी पिळदार देहाचे करून दाखवले, तर रोह्याच्या वाचकालाही असेच वाटेल.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे काहीसे तसेच झाले. फुरसुंगीचा हा काटकुळा, तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा पोरगा दूरदर्शनवर लहानग्या सुमीत राघवनच्या रूपाने आला, तेव्हा तो पोरगाच होता; २०१७ च्या चित्रपटात तो तरुण झाला. अमेय वाघचा अभिनय चांगला, दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले भागवत लोभसवाणे, चित्रपटही हुशारीने रचलेला. परंतु वीस पुस्तकांतून शाळकरी मुलांनी ज्याच्याशी सायकलची शर्यत लावली, तो त्यांचा समवयस्क त्यात नव्हता. भागवतांचे अधिक मोठे ऋण तर कोणी फेडायला घेतलेच नाही. ज्यूल व्हर्नच्या पाताळयात्रा, समुद्रयात्रा आणि चंद्रयात्रा त्यांनी मराठी मुलांच्या बोलीत अशा आणल्या की ते लेखन परदेशी आहे हे आम्हाला फार उशिरा समजले.

आणि जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचे दडपण येऊ नये ही त्यामागची सचोटी. कथेला पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक नवे वळण लागले. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या त्यांच्या कादंबऱ्यांना अवाढव्य युद्धांची गरज नाही. ‘वामन परत न आला’मध्ये खोल उत्खननात एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातील ज्ञानावरून एक यंत्रमानव घडवला जातो, आणि तो आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव निर्माण करू पाहतो. आज जग ज्या प्रश्नाने अस्वस्थ आहे तो प्रश्न या मराठी कादंबरीने कित्येक दशके आधी विचारला आहे. आणि तो पडद्यावर आणायला प्रयोगशाळेतल्या दोन खोल्या, चार उत्तम नट आणि विज्ञान समजून घेणारा पटकथाकार इतके पुरे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या हयातीत हे काम व्हायला हवे होते.

द्रव्य नाही ही सबब मी ऐकली आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण पेणजवळच्या हमरापूर-जोहे परिसरात घरोघर जे हात दरवर्षी माती आणि प्लास्टरमधून मुखे घडवतात, ते हात राक्षस, यक्ष, यंत्रमानव आणि पाताळनगरी घडवू शकणार नाहीत काय? गणपती रवाना झाल्यावर यांतल्या अनेक कारागिरांचे काही महिने मंदीचे जातात. कोकण रेल्वेचा प्रारंभ जिथे होतो त्या रोह्याच्या पंचक्रोशीत डोंगरी किल्ले आहेत, खाजणे आहेत, जंगल आहे, चार महिन्यांचा अस्सल पाऊस आहे. समर्थांची एखादी कथा इथे, इथल्याच बोलीत, इथल्या कारागिरांना हाताशी धरून चित्रित करण्याचा विचार कोणा तरुण दिग्दर्शकाने करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

हक्कांचा प्रश्न त्याला प्रथम विचारला जाईल, म्हणून कायदा सांगून ठेवतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणजे धारपांच्या ग्रंथांसाठी २०६८ अखेरपर्यंत आणि भागवतांच्या ग्रंथांसाठी २०६१ अखेरपर्यंत त्यांच्याशी रीतसर करारनामा करावा लागेल, आणि तो आदराने करावा. पण एक दार आजही उघडे आहे. शिकारीच्या वेळी कड्यावरून कोसळून जायबंदी झालेल्या आणि पुढे लेखणीच्या बळावर महाराष्ट्राला वेड लावणाऱ्या नाथमाधवांनी, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे यांनी, ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी लिहिली. भुयारे, कारस्थाने, चमत्कार आणि शौर्य यांनी ती ओतप्रोत भरलेली आहे. नाथमाधव १९२८ साली वारले. त्यांच्या पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला असून ‘वीरधवल’ आज कोणालाही, कोणाच्या परवानगीवाचून आणि एक पैसा न भरता, पडद्यावर आणता येते.