स्त्रीबीजावरचं ‘जुनो’: शुक्राणू दारात पोहोचला तरी गर्भ का राहत नाही?

लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की गावात पहिलं बोट सुनेकडे जातं. नवस, उपास, अंगारे-धुपारे, मग तालुक्याला सोनोग्राफी, सगळं तिच्याच मागे. नवऱ्याची साधी तपासणीसुद्धा राहून जाते. खरं तर गर्भ राहायचा तर बाई आणि पुरुष दोघांकडच्या बारीकसारीक गोष्टी एकमेकांत नीट बसाव्या लागतात. त्यातली अगदी शेवटच्या क्षणाची गोष्ट म्हणजे ‘जुनो’ नावाचं प्रथिन. ते स्त्रीबीजाच्या अंगावर असतं आणि ते सापडलं २०१४ साली.

एका वेळच्या वीर्यात कोट्यवधी शुक्राणू असतात. त्यातले गर्भनलिकेत बीजापर्यंत पोचतात फार थोडे. बाकीचे वाटेतच संपतात. बीज आकाराने जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग, तरी माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक. त्याच्याभोवती आधी एक जाड, चिकट कवच असतं. ते भेदलं की आत बीजाची पातळ त्वचा लागते. शुक्राणूला खरं काम इथे असतं. नुसतं टेकून चालत नाही, दोन्ही पेशी एकमेकींत मिसळून एक व्हाव्या लागतात.

इथे कडी-कोयंड्यासारखी व्यवस्था आहे. शुक्राणूवर कडी, बीजावर कोयंडा. कडी आधी सापडली. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात मासारू ओकाबे आणि नाओकाझु इनोउए यांच्या गटाने २००५ साली शुक्राणूवरचं एक प्रथिन ओळखलं आणि त्याला ‘इझुमो’ नाव दिलं. इझुमो हे जपानमधलं मोठं देवस्थान, लग्नं जुळावीत म्हणून लोक तिथे जातात. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते. ती फुटली की इझुमो उघडं पडतं. ते नसलेले शुक्राणू दिसायला ठणठणीत, पळायला चपळ, कवचही भेदून जातात, पण बीजात मिसळत नाहीत.

कोयंडा सापडायला मात्र पुढे नऊ वर्षं गेली. कारण मजेशीर आहे. एकेकट्या इझुमोची पकड फार ढिली, धरलं न धरलं तोच सुटते. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत एन्रिका बियांकी आणि गॅविन राइट यांनी मग इझुमोचे तुकडे एकत्र बांधून त्यांचा गुच्छ केला. एक काटा कापडाला अडकत नाही, पण गोखरूचं फळ कसं चिकटून बसतं, तसा हा गुच्छ बीजावरच्या एका प्रथिनाला चिकटला. रोमन लोकांची विवाह आणि संततीची देवी जुनो, तिचं नाव त्याला दिलं.

उंदरांवरच्या प्रयोगात चित्र अगदी स्पष्ट झालं. ज्या माद्यांमध्ये जुनो नव्हतं त्या धडधाकट होत्या, त्यांची बीजं वेळच्या वेळी सुटत होती, नराशी संगही होत होता. पण पिल्लू एकही नाही. शुक्राणू कवचाच्या आत येऊन थांबत. जुनो नसलेल्या नरांना मात्र पिल्लं झाली. कडी आणि कोयंडा दोन्ही लागतात, हे असं पक्कं झालं. २०१६ साली हे दोघे एकमेकांत नेमके कसे बसतात त्याची रचनाही शास्त्रज्ञांनी उलगडली.

एक आत गेला की दार बंद

एकाच बीजात दोन शुक्राणू शिरले तर गुणसूत्रांचा हिशेब बिघडतो आणि असा गर्भ सहसा टिकत नाही. म्हणून पहिला शुक्राणू मिसळला की बीज आपल्या त्वचेवरचं जुनो बाहेर टाकून देतं. उंदराच्या बीजात साधारण ३० ते ४० मिनिटांत ते जवळपास दिसेनासं होतं. कोयंडाच काढून टाकल्यावर मागून आलेल्यांनी कडी लावायची कुठे? बाहेर टाकलेलं जुनो उशिरा आलेल्या शुक्राणूंना तिथेच अडकवून ठेवत असावं, असाही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शिवाय बाहेरचं कवचही कडक होतं. कोंबडीचं गणित मात्र वेगळंच. तिच्या बीजात एकाहून जास्त शुक्राणू शिरतात आणि त्यात तिचं काही बिघडत नाही.

फॉलिक ॲसिडच्या गोळीचा घोळ नको

जुनोचं आधीचं नाव ‘फोलेट रिसेप्टर ४’ असं होतं, कारण फॉलिक ॲसिड पकडणाऱ्या प्रथिनांच्या भावकीतलं ते दिसत होतं. पण जुनो फॉलिक ॲसिडला पकडतच नाही. त्यामुळे ‘या गोळीने जुनो वाढतं’ असा मेसेज कुणी पाठवला तर तो पुढे ढकलू नये. मात्र आशाताई किंवा डॉक्टर देतात ती फॉलिक ॲसिडची गोळी सोडायची नाही. तिचं काम वेगळं आहे. बाळाच्या मेंदू-मणक्यात जन्मजात दोष राहू नये म्हणून ती गर्भ राहण्याआधीपासून आणि पहिले तीन महिने घ्यायची असते.

मग मूल होत नसेल तर जुनोची तपासणी करावी का? तशी नेहमीच्या वापरातली तपासणी आज नाही, आणि त्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर सावध राहावं. करायची तपासणी साधी आहे. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, किंवा बाईचं वय ३५ च्या पुढे असून सहा महिने गेले, तर दोघांनीही डॉक्टरांकडे जावं. पुरुषाची वीर्यतपासणी सगळ्यात सोपी आणि कमी त्रासाची. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढंच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण, एकटं किंवा जोडीने, असतं. तरी बाईच्या दोन-दोन शस्त्रक्रिया होईपर्यंत नवरा लॅबची पायरी चढत नाही, हे दुर्दैवच म्हणायचं. त्यात रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या आणि वेग चांगला आला म्हणून ते बीजात मिसळतीलच अशी खात्री नसते. इझुमोने दाखवलं ते हेच.

टेस्ट ट्यूब बेबी आपल्याकडे नवीन नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असं बाळ जन्मलं. पण साध्या टेस्ट ट्यूब पद्धतीत बीज आणि शुक्राणू बशीत एकत्र ठेवतात, आत शिरायचं ते शुक्राणूनेच. कडीच लागत नसेल तर तिथेही गाडी अडते. अशा वेळी ‘इक्सी’ पद्धत उपयोगी पडू शकते. तिच्यात एक शुक्राणू निवडून बारीक सुईने थेट बीजाच्या आत सोडतात, दाराचा प्रश्नच येत नाही. ओसाकाच्या प्रयोगात इझुमो नसलेले शुक्राणू असेच सुईने बीजात सोडले, तेव्हा पिल्लं जन्मली.

हे उपचार महाग असतात आणि पहिल्याच फेरीत यश येईल असं नाही. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे, आणि बाईचं वय ५० च्या आत, पुरुषाचं ५५ च्या आत असावं लागतं. पैसे भरण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागून बघावं.

जुनोकडे शास्त्रज्ञांचं लक्ष आणखी एका कारणाने आहे. कडी-कोयंडा जुळू न देणारं औषध निघालं तर हार्मोनच्या गोळ्यांशिवाय पाळणा लांबवता येईल. असं औषध अजून बाजारात आलेलं नाही.