चिनी ज्यूट

चिनी ज्यूट : (लॅ. अब्युटिलॉन थिओफ्रास्टी; कुल-माल्व्हेसी). पिवळ्या फुलांची ही वर्षायू ओषधी चीनमध्ये धाग्यासाठी पूर्वापार लागवडीत आहे. उत्तर अमेरिकेत मात्र ती मका व सोयाबीन यांच्या शेतांतील उपद्रवी तण ठरली आहे. खोड सरळ, १–२ मी. उंच असून सर्वांगावर मऊ लव असते. पाने साधी, एकाआड एक, लांब देठाची, हृदयाकृती, टोकदार, ५–१५ सेंमी. लांब व स्पर्शाला मखमलीसारखी असतात. चुरगळल्यास त्यांना उग्र वास येतो. फुले पानांच्या बगलेत येतात. संदले व पाकळ्या प्रत्येकी पाच. भेंडीच्या फुलात असतो तसा अधिसंवर्त येथे नसतो. केसरदले अनेक असून त्यांचे तंतू तळाशी जुळून नलिका बनते. फळ चक्राकृती, बहुधा १२–१५ फलांशांचे, पिकल्यावर काळे. प्रत्येक फलांशाच्या टोकास दोन लांब चोची असतात. बिया मूत्रपिंडाकृती.

महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी पेटारी याच प्रजातीतील असली, तरी ती बहुवर्षायू असते आणि तिच्या फलांशांची टोके आखूड असतात.

अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वी ही वनस्पती दोरखंडांच्या धाग्यासाठी अमेरिकेत नेण्यात आली. धाग्याचे पीक तेथे रुजले नाही. तण मात्र रुजले. बियांचे कवच कठीण असल्याने त्या जमिनीत सु. ५० वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे फळे काळी पडण्यापूर्वीच झाड ओळखून उपटणे अगत्याचे असते.